पचमढीत डोंगरी सायकल: आधी बशी समजून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याचे चौघे जण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवसांसाठी पचमढीला निघालेत. तीन हार्डटेल (फक्त पुढे शॉकर असलेल्या डोंगरी सायकली), एक हायब्रिड (रस्त्याची आणि डोंगरी यांच्या मधली). त्यांना धूपगडावरून डाउनहिल हवंय, नागद्वारीची जंगलवाट सायकलवर करायचीय, संध्याकाळी सूर्यास्त बघून हेडलाइट लावून परतायचंय, आणि जमतील तेवढ्या सिंगलट्रॅकच्या, म्हणजे एका सायकलीपुरत्या अरुंद वाटांच्या, जीपीएक्स फाइली (वाटेची जीपीएस नोंद) हव्यात.

मी नागपूरची. २००९ पासून दर हिवाळ्यात पचमढीला सायकल घेऊन जाते, त्यातली गेली काही वर्षं पाच-सहा जणांचे गट घेऊन. तेव्हा उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा. आणि आधीच सांगते, फाइली मी देणार नाही. का, ते ओघात येईलच.

तुम्ही विचारलंय "कुठले ट्रॅक?" पण पचमढीत अडचण ट्रॅक शोधण्याची नसते. उपग्रहाच्या नकाशावर गावाभोवती पांढऱ्या रेघांचं जाळं दिसतं आणि माणूस हरखून जातो. त्यातल्या बऱ्याचशा रेघा वनखात्याच्या गस्तीच्या वाटा आहेत, काही यात्रेच्या पायवाटा आहेत, काही नुसते पाण्याचे ओहोळ. सायकल नेता येईल, न्यायला परवानगी असेल आणि नेऊन मजाही येईल, या तिन्ही चाळण्यांतून खाली उरतं ते मोजकंच. म्हणून खरा प्रश्न असा आहे की या मोजक्या वाटा कुठल्या वेळी, कुठल्या क्रमाने कराव्यात. तो क्रम चुकला की चार दिवस पर्यटकांच्या जिप्सी गाड्यांच्या धुळीत जातात.

आधी गावाची घडण. पचमढी बशीत वसलेलं गाव आहे. सातपुड्याच्या माथ्यावर, १,०६७ मीटर उंचीवर एक पसरट, मध्ये किंचित खोलगट पठार. बशीच्या काठावर धूपगड, महादेव, चौरागड हे उंचवटे. धूपगड साधारण १,३५० मीटर, म्हणजे सबंध सातपुड्यात आणि मध्य प्रदेशातही सर्वांत उंच. काठापलीकडे जमीन एकदम खाली कोसळते. तिथल्या घळींना खोह म्हणतात. हांडी खोहच्या कठड्यावरून खाली बघितलंत की शब्दाचा अर्थ वेगळा विचारावा लागत नाही.

आता याचा सायकलवाल्याला अर्थ काय? सिंहगडाला किंवा लोणावळ्याकडे आपल्याला सवय असते ती एकदा चढलं की मग उतार, या हिशोबाची. इथे गावातून कुठेही निघा, आधी दोन-तीन नाले उतरायचे-चढायचे, मग काठाकडे चढ, आणि तिथे रस्ता संपतो. एक तर कड्याशी संपतो, नाही तर पायऱ्यांशी. पलीकडे सुटून गोल फिरून यायची सोय जवळपास कुठेच नाही. जाल त्याच वाटेने परत. त्यामुळे पचमढीतली सायकल म्हणजे फुलाच्या पाकळ्या: मध्ये गाव, रोज एक पाकळी, टोकाला सायकल कुलूप लावून ठेवायची आणि पुढे पायी. हे एकदा मनाने स्वीकारलं की गाव फार आवडतं. न स्वीकारलेले लोक दुसऱ्या दिवशी कंटाळून हॉटेलात पत्ते खेळत बसलेले मी पाहिलेत.

दुसरी गोष्ट जंगलाची. गाव लष्करी छावणीचं, पण भोवतालचं सगळं रान सातपुडा राष्ट्रीय उद्यानाचं. उद्यान १९८१ चं; बोरी आणि पचमढी ही अभयारण्यं धरून व्याघ्र प्रकल्प. (बोरीचं राखीव जंगल तर १८६५ पासूनचं, देशातल्या सर्वांत जुन्या राखीव जंगलांपैकी एक.) त्यामुळे डांबरी रस्ता सोडून झाडीत शिरणारी वाट "मोकळी दिसते" म्हणून घ्यायची नाही. बायसन लॉजला, म्हणजे १८६२ च्या ज्या जुन्या बंगल्यात आता संग्रहालय आहे तिथे, वनखात्याची परवान्याची खिडकी असते. पोहोचल्या दिवशीच तिथे जा, ओळखपत्र दाखवा आणि "सायकल" हा शब्द स्पष्ट उच्चारून विचारा: धूपगडला सायकल सोडता का, किती वाजता सोडता, परत किती वाजेपर्यंत यायचं. हे नियम हंगामागणिक बदलतात. मी गेल्या वर्षी काय केलं याला खिडकीवरच्या माणसाच्या लेखी काडीची किंमत नसते, आणि ते बरोबरच आहे. फाइली न देण्याचं एक कारण हेच. दोन वर्षांपूर्वी रीतसर परवानगीने केलेली वाट आज बंद असते, पण फाइल मात्र फिरत राहते आणि मागून येणारा फाटकाखालून सायकल सरकवतो.

आता काय काय कशावर अवलंबून आहे ते सांगून टाकते. तुमचे पाय कसे आहेत मला माहीत नाही. रोज पन्नास किलोमीटर आणि सातशे-आठशे मीटर चढ लागोपाठ चार दिवस जमत असेल तर खालचा बेत जसाच्या तसा करा. नसेल तर मटकुलीहून पचमढीला येणारा घाट गाडीने चढा, बाकी तेच. आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा हा माझ्या मते तुमच्या बेतातला सर्वांत कच्चा भाग. नाताळ ते नववर्ष या दिवसांत गावात पाय ठेवायला जागा नसते. सुट्या हलवता येत असतील तर नोव्हेंबरअखेर किंवा मकरसंक्रांतीनंतरचा आठवडा धरा. थंडी तीच, धूळ निम्मी.

आता घाट. रेल्वेने आलात तर पिपरियाला उतराल. मुंबईहून जबलपूरकडे जाणाऱ्या कित्येक गाड्या तिथे थांबतात. पिपरियापासून सायकल चालवत येऊ नका. तो सपाटीचा रस्ता आहे, ट्रक आहेत, आणि त्यात सांगण्यासारखं काही नाही. टेम्पो करून मटकुलीपर्यंत या. तिथे देनवा नदी ओलांडली की चढ सुरू होतो आणि पुढचे साधारण तीस किलोमीटर हा पहिल्या दिवसाचा खुराक. साडेसहाशे मीटरच्या आसपास चढ, पण अंगावर येणारा नाही. लांब, वळणावळणाचा, बसून पेडल मारत राहण्याचा. खाली साग असतो, वर जाल तशी सालाची झाडं दिसायला लागतात. हा बदल बघत चढण्यात अर्धा घाट कसा सरतो कळत नाही. देनवा दर्शन या नदी दिसणाऱ्या ठिकाणी थांबा, पाणी भरून घ्या. शक्यतो सकाळी आठच्या आत सुरुवात करा, कारण दहानंतर पर्यटकांच्या गाड्या ओळीने वर येऊ लागतात आणि वळणावर सायकलवाल्याला कुणी मोजत नाही.

आता जमिनीबद्दल, कारण सह्याद्रीतून येणारा प्रत्येक जण इथे एकदा तरी आडवा होतो. मीही झाले. आपला दगड काळा, त्याची खडी होते, लाल मुरूम होतो, पावसाळ्यात चिखल होतो. पचमढीचा दगड वालुकाश्म. तो झिजतो आणि त्याची रेती होते. नागपुरात आम्ही वाळूला रेतीच म्हणतो, आणि इथली रेती पिठासारखी बारीक असते. उघड्या खडकावर टायर असा चिकटतो की वाटतं भिंतही चढून जाऊ. पण त्या खडकाचा उतार जिथे संपतो, नेमका तिथे, ओहोळाच्या तळाला, ही रेती चार-सहा बोटं साचलेली असते. वरून ती वाटेच्याच रंगाची दिसते.

माझं झालं असं: पांडव गुंफांच्या पुढे अप्सरा विहारकडे जाताना एक छोटा उतार आहे. खडकावरून मस्त वेगात आले, तळाला रेती दिसली, आणि सह्याद्रीच्या सवयीने पुढचा ब्रेक दाबला. पुढचं चाक रुतलं, हँडल स्वतःहून डावीकडे फिरलं, आणि मी घाणेरीच्या झुडपात. मनगट सुजलं, वर खिशातली चिक्की चुरा झाली. पुढे दोन दिवस डाव्या हाताने ब्रेक दाबता येईना, म्हणून चालत फिरले. त्या दोन दिवसांत चालता चालता मी रेती वाचायला शिकले. जिथे नरसाळ्यासारखे छोटे खड्डे दिसतात (ते खड्डे मुंगीसिंह या किड्याच्या अळीचे, मुंग्यांसाठी केलेले सापळे), तिथे रेती कोरडी, भुसभुशीत आणि खोल असते. जिथे पावलांचे ठसे कडांसकट शाबूत असतात, तिथे खाली ओल आहे, रेती बसलेली आहे, खुशाल जा.

करायचं काय, तर ब्रेक खडकावरच संपवायचा, रेतीत नाही. रेतीत शिरताना गिअर हलका, वजन थोडं मागे, हँडल सैल धरून पेडल चालू ठेवायचं. सायकल डुलेल, डुलू द्यावी. तिला सरळ करायला गेलात की पडलात. हवाही कमी करा. मी साठ किलोची, सव्वादोन इंची ट्यूबलेस टायरमध्ये पुढे २० आणि मागे २३ पीएसआय ठेवते. तुमच्या टायरमध्ये ट्यूब असेल तर इतकं खाली जाऊ नका, २८-३० वर थांबा. नाही तर खडकाच्या कडेवर टायर दाबला जाऊन रिम ट्यूबला एका वेळी दोन भोकं पाडते. घाटाच्या डांबरासाठी भरलेली हवा वर पोहोचल्यावर सोडायची असते, हे निम्मे लोक विसरतात.

याच कारणासाठी मी पहिली पाकळी नेहमी पांडव गुंफा, अप्सरा विहार आणि रजत प्रपात हीच घेते. अंतर नगण्य आहे, पण खडक, रेती, मुळ्या सगळं थोडं थोडं चाखायला मिळतं. सायकल अप्सरा विहारच्या वाटेच्या तोंडाशी ठेवा. पुढचं सगळं पायी, आणि रजत प्रपाताच्या कड्यावर सायकलचे बूट घालून जाऊ नका. तळाच्या क्लीटचं, म्हणजे पेडलला अडकणाऱ्या पट्टीचं, लोखंड त्या दगडावर साबणासारखं घसरतं, आणि समोर शंभर मीटरचा धबधबा आहे. साधे बूट पिशवीत ठेवा.

आता धूपगड. गावापासून दहा-अकरा किलोमीटर. शिखर गावापेक्षा जेमतेम तीनशे मीटर उंच, म्हणून आकड्यांवर भुलून लोक म्हणतात, "हॅ, हे तर अर्ध्या तासाचं काम." पण मधले नाले उतरून-चढून पाय आधीच थोडे दमलेले असतात, आणि खरा चढ शेवटच्या तीनेक किलोमीटरमध्ये एकगठ्ठा येतो. तिथे वळणं इतकी आखूड आहेत की जिप्सीसुद्धा पहिल्या गिअरमध्ये कण्हत जाते. पुढे पेडलपाशी बत्तीस दाती चकती आणि मागे पन्नास दात्यांपर्यंतची कॅसेट (गिअरच्या चकत्यांचा संच) असेल तर बसून निघेल. हायब्रिडवाल्याने दोन वळणं ढकलत नेण्याची मनाची तयारी ठेवावी. त्यात काही कमीपणा नाही.

आणि सूर्यास्त? नको. पचमढीला येणारा प्रत्येक माणूस धूपगडावर सूर्यास्तालाच जातो. डिसेंबरअखेर सूर्य इथे पावणेसहाच्या आतच मावळतो, पुण्यापेक्षा साधारण पंचवीस मिनिटं आधी. तो बुडाला की शेकडो माणसं एकदम जिप्सींकडे धावतात, आणि पुढचा पाऊण तास त्या अरुंद घाटात दिव्यांची माळ उतरत असते. प्रत्येक गाडीला अंधार पडायच्या आत फाटक गाठायचं असतं. त्या माळेत सायकल घेऊन शिरणं म्हणजे आपणहून संकट अंगावर घेणं. तुमच्या हेडलाइटचा उपयोग एवढाच की उडालेली धूळ छान दिसेल.

सकाळी जा. फाटक उघडेल त्या पहिल्या वेळेला. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास वर येतो, तोवर बोटं बधिर झालेली असतात. पारा कधी कधी दोन-चार अंशांवर उतरतो आणि गवतावर दव पांढरं गोठतं. पूर्ण बोटांचे हातमोजे घ्या, अर्ध्या बोटांचे नाही. पण शिखरावर आठ-साडेआठला पोहोचलात तर डोंगर जवळपास तुमचाच असतो. समोर एकामागे एक फिकट होत गेलेल्या रांगा, खाली दऱ्यांत भरलेलं धुकं, आणि लष्कराच्या संगीत शाळेचे लोक सरावाला बसले असतील तर परतताना गावाजवळ ट्रम्पेटचे सूर. एकच ओळ, पुन्हा पुन्हा, दर वेळी त्याच ठिकाणी चुकणारी. मला ते फार आवडतं.

डाउनहिलबद्दल: धूपगडावरून गाडीरस्त्याने उतरता येतं, आणि उतरावंच लागतं. पण जंगलातून वेगळी उतरणीची वाट मागू नका. ती नाही, आणि कुणी दाखवली तरी घेऊ नका. तुम्हाला मनसोक्त उतरायचंय ना, मग शेवटच्या दिवशी मटकुलीचा घाट आहे. पहाटे वर गाड्या नसताना निघा, तीस किलोमीटर, पेडलला क्वचितच हात... म्हणजे पाय लागेल. मात्र आदल्या रात्री ब्रेक पॅड बघा. चार दिवस रेतीत फिरल्यावर पॅडमध्ये रेतीचे कण रुतून बसतात, डिस्कवर करकर आवाज येतो आणि पॅड अपेक्षेपेक्षा लवकर संपतात. एक जोडी जास्तीची घेऊन या. ती पचमढीत मिळणार नाही, पिपरियातही नाही. तिथली दुकानं साध्या सायकलींची आहेत. पंक्चर, चेन, फार तर ट्यूब. डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो चौकटीला जोडणारा तुकडा, हाही घरूनच आणायचा जिन्नस. आमच्यातल्या एकीचा हँगर नाल्यातल्या दगडावर वाकला होता. चेन कापून आखूड केली आणि एकाच गिअरवर तिने दोन दिवस काढले.

महादेव आणि चौरागडची पाकळी वेगळी आहे, आणि इथे मी थोडी हळवी होते. विदर्भातल्या घराघरांत "पचमढीचा महादेव" हा नवसाचा देव. माझ्या आजोबांनी मुलगा आजारातून उठला म्हणून त्रिशूळ बोलला होता. तो खांद्यावर घेऊन, "एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव" म्हणत ते चालत गेले होते. चौरागडच्या माथ्यावर लोकांनी वाहिलेल्या त्रिशुळांचा अक्षरशः ढीग आहे. त्यातला एक आमचा. लहानपणी मला वाटायचं, शोधला तर सापडेल.

सायकलने गावापासून महादेवपर्यंत साधारण दहा किलोमीटर डांबरी रस्ता. वाटेत हांडी खोह आणि प्रियदर्शिनी ही दरी दिसणारी ठिकाणं, दोन्हीकडे जाताना थांबा, येताना नाही. कारण शेवटचा टप्पा महादेवाकडे उतरत जातो, म्हणजे परतीला तोच चढ आणि पायांत चौरागडच्या तेराशेच्या आसपास पायऱ्या आधीच जिरलेल्या. थांबायची इच्छाच उरत नाही. गुप्त महादेवाची फट इतकी अरुंद आहे की पाठीवरची पिशवी काढून आडवं सरकावं लागतं. सायकली खाली दुकानदाराकडे ठेवा, त्याच्याकडून नारळ घ्या, तो आनंदाने लक्ष ठेवतो. खाण्याचं मात्र काही हँडलच्या पिशवीत ठेवू नका. इथल्या माकडांना चेन उघडता येते. सायकलची नव्हे, पिशवीची. आणि महाशिवरात्रीच्या आगेमागे येणार असाल तर हा रस्ता सायकलवाल्याने यात्रेकरूंसाठी सोडून द्यावा.

नागद्वारीवर मात्र माझं उत्तर सरळ नाही असं आहे. ती वाट वर्षभर बंद असते. नागपंचमीच्या आधीच्या दिवसांत तेवढी यात्रेसाठी उघडते आणि तेव्हा भर पावसात विदर्भातली हजारो माणसं चिखल तुडवत जातात. एरवी ती वाघाची, अस्वलाची आणि गव्याची. नकाशावर ती सलग, सुंदर सिंगलट्रॅक दिसते हे खरं. मी ती यात्रेत चालले आहे. ओल्या खडकात लोखंडी शिड्या आहेत, सायकल खांद्यावर घेऊन शिडी उतरणार का? आणि यात्रेबाहेर तिथे शिरणं हा गुन्हा आहे, त्याला साहस म्हणायचं कारण नाही. ज्यांनी ती फाइल चढवून ठेवली आहे त्यांनी ती काढावी असं मी दोनदा लिहिलं. अजून काढलेली नाही.

जनावरांबद्दल सगळे वाघाचं विचारतात. मला भीती अस्वलाची वाटते. कारण साधं आहे: सायकल आवाज न करता येते आणि जोरात येते. माणूस चालत येतो तेव्हा अस्वलाला आधी चाहूल लागते, ते निघून जातं. सायकल वळणावरून अचानक त्याच्यासमोर उगवते, आणि दचकलेलं अस्वल पळण्याऐवजी अंगावर येतं. म्हणून माझ्या गटात प्रत्येक सायकलला घंटी लागते, ती जुनी ट्रिंग-ट्रिंग वाजणारी, आणि झाडीतल्या प्रत्येक आंधळ्या वळणाआधी ती वाजते. बाकी वेळ शांत. गवा दिसला तर उलट करायचं: घंटी नाही, ओरडणं नाही, उतरायचं, सायकल स्वतःच्या आणि त्याच्या मध्ये धरायची आणि थांबायचं. धूपगडच्या रस्त्यावर एका सकाळी एक नर गवा आडवा उभा होता. वीस मिनिटं तो आमच्याकडे बघत होता आणि आम्ही त्याच्या नाकातून निघणाऱ्या वाफेकडे. मग त्याला काही तरी आठवल्यासारखा तो निघून गेला. कड्यांवर आग्यामोहोळं असतात, तेव्हा अत्तर, डिओ घरी ठेवा. शेकरू दिसेल. आपला राज्यप्राणी तिथेही आहे, झाडावरून तुम्हाला शिव्या घालतो.

एक दिवस वाढवता आला तर परतताना तामिया आणि पाताळकोटसाठी ठेवा, विशेषतः नागपूरमार्गे जाणार असाल तर. मटकुलीहून देलाखारीमार्गे तामिया. इथे तुम्ही उद्यानाच्या बाहेर पडलेले असता, त्यामुळे गावरस्ते मोकळे आहेत आणि सायकलला विचारणारं कुणी नाही. पाताळकोट म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराची खोल दरी, तळाशी भारिया आणि गोंड लोकांच्या वाड्या आणि दुधी नदी. छिंदीकडून रातेडच्या कड्यावर जा, वरून दरी बघा, आणि दम असेल तर खाली जाणाऱ्या रस्त्याने उतरा. उतरलेलं सगळं चढायचं आहे हे लक्षात ठेवून. वाटा घरांच्या अंगणातून जातात. अंगण आलं की सायकलवरून उतरा, लहान मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. तुम्हाला हवे असलेले सिंगलट्रॅक खरं तर इकडेच आहेत, गावकऱ्यांच्या बैलवाटांच्या रूपाने, आणि दाखवायला गावातला एखादा पोरगा दिवसाच्या मजुरीवर मिळतो. त्याला नीट पैसे द्या.

तर चार दिवसांचा हिशोब असा. पहिला दिवस मटकुली घाट चढून दुपारी बायसन लॉजची खिडकी, संध्याकाळी टायरची हवा सोडून गावात एक फेरी. दुसरा दिवस पांडव गुंफा ते रजत प्रपात, दुपारनंतर जटाशंकरच्या गुहेतल्या देवळाला पायी, लवकर झोप. तिसरा दिवस पहाटे धूपगड, दहाच्या आत खाली. त्याच दिवशी दुपारी महादेव ठेवण्याचा मोह होईल, टाळा. चौथा दिवस महादेव-चौरागड, आणि घाटाची उतरण पाचव्या पहाटे, गाडी पकडण्याआधी. पाचवी पहाट काढता येत नसेल तर चौरागड सोडा, घाट सोडू नका. आजोबांना हे वाक्य आवडलं नसतं.

राहिला चौथ्याचा हायब्रिड. बाजारात भाड्याच्या सायकली मिळतात, पण त्या गावात फिरायला. धूपगडच्या उतारावर त्यांच्या ब्रेकवर मी माझा जीव टाकणार नाही. हायब्रिड चालेल, फक्त टायर बदला. सध्या ३२ मिलिमीटर रुंदीचा असेल तर रेतीत तो सुरीसारखा रुतेल. पुढच्या फोर्कच्या आणि चौकटीच्या मागच्या दांड्यांच्या आत, टायरच्या दोन्ही बाजूंना किती मिलिमीटर जागा उरते ते मोजून कळवा, आणि ब्रेक डिस्क आहे की रिम तेही सांगा. ४२ बसत असेल तर काम झालं. ३८ पर्यंतच बसत असेल तर पांडव गुंफांपासूनच त्याने पायी यावं आणि चौघांचे बूट त्यानेच वाहावेत.